आधी नीट होऊ दे, मग दाखवते

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याची ढब तशीच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

सकाळपासून आपण कायद्यावर बोललो, पोलीस ठाण्यातल्या अनुभवांवर बोललो. जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय आणि विषय आहे संगणकाचा प्रोग्राम. तेव्हा कुणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. पण विषय दिसतो तितका कोरडा नाही. आपल्या सगळ्यांना लहानपणापासून लागलेल्या एका सवयीशी तो जोडलेला आहे, म्हणून थोडं ऐकून घ्या.

आधी माझ्याबद्दल. मी इंजिनिअर नाही. बारावीनंतर गणित सोडलं. एम.एस.डब्ल्यू.ला संख्याशास्त्राचा पेपर कसाबसा सुटला. गेली बारा वर्षं एका जिल्ह्याच्या गावी महिला सल्ला केंद्रात काम करते. तरीही मी एक प्रोग्राम लिहिला आणि आज आमच्या केंद्रात तो रोज वापरला जातो. त्याचं कौतुक सांगायला मी आलेली नाही. तो चालायला लागल्यावर जवळजवळ सहा महिने मी तो कुणालाच दाखवला नाही, त्याबद्दल बोलायला आले आहे.

सुरुवात झाली २०२०च्या टाळेबंदीत. आमची सगळी नोंद रजिस्टरात, रजिस्टरं कपाटात, कपाट केंद्रात आणि केंद्राला कुलूप. बायकांचे फोन मात्र माझ्या घरी यायला लागले. "ताई, मी मागच्या वर्षी येऊन गेले होते, आठवतं ना?" कुठून आठवणार? वर्षाला दीडशे-दोनशे बाया येऊन जातात. माझ्यापुढे ना तिची फाईल, ना तिने आधी सांगितलेलं काही. नवरा पलीकडच्या खोलीत, ही न्हाणीघरात नळ सोडून कुजबुजत बोलतेय, आणि मी तिला म्हणतेय, "पहिल्यापासून सांग गं." मारहाणीची हकीकत दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं नसतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

तेव्हा मनात आलं की ही नोंद संगणकात नीट ठेवता आली पाहिजे. संध्याकाळी भांडी आवरली की लॅपटॉप उघडायचा, यूट्यूबवरचे फुकटचे धडे बघायचे आणि पायथॉन शिकायचं. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा. शिकायला बरीच सोपी आहे. दीड वर्ष असं रडतखडत चाललं. मध्ये तीन महिने काहीच केलं नाही, कारण सासूबाईंचं ऑपरेशन होतं.

प्रोग्राम काय करतो ते सांगते, म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे येणार नाही. प्रत्येक बाईची एक नोंद. फाईलचा नंबर, नाव, कधी आली, काय म्हणाली, काय करायचं ठरलं, आणि अर्ज न्यायालयात असेल तर पुढची तारीख कोणती, सोबत कोण जाणार. सकाळी प्रोग्राम उघडला की सगळ्यात आधी येत्या सात दिवसांतल्या तारखा दिसतात. बस, इतकंच. साधारण तीनशे ओळींचा मजकूर.

तारखांचं महत्त्व तुम्हाला वेगळं सांगायला नको. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय की अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी, आणि त्या पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. कागदावर साठ दिवस. प्रत्यक्षात एकेका बाईच्या किती तारखा पडतात हे आपण पायऱ्या झिजवून शिकलो आहोत. आणि त्यातली एक चुकली तर काय होतं हेही.

२०२२च्या जुलैमध्ये प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चालायला लागला. नोंद घ्यायचा, शोधायचा, तारखा दाखवायचा. मग मी तो केंद्रात का नेला नाही? कारणं ऐका. छापताना जोडाक्षरं तुटत होती, ‘न्यायालय’चं ‘न् यायालय’ व्हायचं. महिन्याच्या अहवालाचा तक्ता पानाबाहेर जायचा. बटणं एका रेषेत नव्हती. कोड लिहिताना मी एकच गोष्ट चार ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहिली होती, आणि कुणा जाणकाराने पाहिलं तर हसेल अशी भीती होती. आमच्या केंद्रप्रमुख ताईंनी एकदोनदा विचारलंही, "तुझं ते संगणकाचं कुठवर आलं?" मी म्हणायची, "आधी नीट होऊ दे, मग दाखवते."

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका बाईच्या पोटगीच्या अर्जाची तारीख चुकली.

ती नवऱ्याचं घर सोडून दुसऱ्या तालुक्यात बहिणीकडे राहत होती. स्वतःचा फोन नव्हता. तारीख जवळ आली की आम्ही बहिणीच्या फोनवर कळवायचं, असं ठरलं होतं. तारीख लिहिली होती, पण तीन महिन्यांमागच्या पानावर. जी कार्यकर्ती तिची केस बघायची ती बाळंतपणाच्या रजेवर. वकीलही मध्येच बदललेले. पान कुणी उलटून बघितलं नाही, फोन कुणी केला नाही. याआधीही दोन तारखांना ती आजारपणामुळे येऊ शकली नव्हती, त्यामुळे या वेळी गैरहजेरीचं कारण देऊन अर्ज निकाली निघाला. तो पुन्हा उभा करायला साडेचार महिने गेले. तेवढे दिवस दोन मुलांसह ती बहिणीच्या संसारात मिंधेपणाने राहिली.

ती आम्हाला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्याकडे लिहिलेलं होतं ना?"

होतं ना. रजिस्टरात लिहिलेलं होतं आणि ती तारीख आठवडाभर आधी डोळ्यांपुढे आणणारा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चालत होता. मी त्याची बटणं सरळ करत बसले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी स्वतःला विचारलं, मी नेमकी कशाची वाट बघत होते? त्याचं उत्तर शोधताना मला आमच्या घरातली चूल आठवली. माझ्या मोठ्या भावाने एकदा हौसेने भाकरी थापली. तिचा नकाशा झाला होता, एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. सगळ्या घराने ती भाकरी वाटून खाल्ली, आल्या-गेल्याला त्याचं कौतुक सांगितलं. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान. माझी पहिली भाकरी आजीने परत परातीत टाकली आणि म्हणाली, "गोल येईपर्यंत तव्यावर टाकायची नाही. उद्या सासरी काय म्हणतील?" आजीचा यात दोष नाही, तिलाही तसंच शिकवलेलं. पण मुलग्याने करून बघायचं आणि मुलीने आधी नीट करायचं, हा धडा आपण इतका पाठ केलेला असतो की मोठेपणी कुणी आडवायलाच लागत नाही. आपणच आपल्याला आडवतो. सभेत प्रश्न विचारण्याआधी दहादा मनात घोकतो. लेख लिहून वर्षभर पिशवीत ठेवतो. आणि त्याला नाव देतो काटेकोरपणाचं. माझ्या काटेकोरपणात कामाची काळजी थोडी होती, ‘लोक काय म्हणतील’ची भीती जास्त होती.

३ जानेवारी २०२३ला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मी लॅपटॉप केंद्रात नेला आणि सगळ्यांसमोर ठेवला. म्हटलं, हे अर्धवट आहे, बिघडेल, पण आजपासून वापरायचं. रजिस्टर बंद करायचं नाही, तीन महिने दोन्हीकडे लिहायचं. पहिले आठ दिवस खोट्या नावांनी सराव करायचा.

पहिल्याच तासाला बिघडला. केंद्रप्रमुख ताई साठीच्या. त्यांनी तारीख लिहिली तीच टिंबं देऊन, जशी त्या आयुष्यभर लिहीत आल्या आहेत. मी गृहीत धरलं होतं की सगळे तिरक्या रेघा देतील. प्रोग्राम बंद पडला आणि त्यांनी पंधरा मिनिटं टाईप केलेलं सगळं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा उघड. कुठे टिंब द्यायचं नाही ते सांग." मी म्हटलं, नाही ताई, तुम्ही टिंबच द्या, मी बदलते. त्या रात्री चार ओळी बदलल्या, काम झालं.

दुसऱ्या दिवशी कळलं की ‘ज्योती’ म्हणून शोधलं की ‘ज्योति’ सापडत नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की बाई माहेरच्या नावाने आली आणि नोंद सासरच्या नावाने असली की ती सापडतच नाही. आणि पाचव्या दिवशी जे कळलं ते मी जन्मात विसरणार नाही.

आमची एक तरुण कार्यकर्ती सरावाची नोंद भरत होती. तिने मला हाक मारली, "ताई, हा पुढे जाऊ देत नाही. नवऱ्याचं नाव लिहा म्हणतो." मी बघितलं. मी ‘पतीचे नाव’ हा रकाना सक्तीचा केला होता. तो भरल्याशिवाय नोंद जतन व्हायची नाही. ती म्हणाली, "आणि बापाच्या माराला कंटाळून आलेली पोरगी असली तर? भावांनी घराबाहेर काढलेली असली तर? लग्न न करता राहणारी असली तर? ती आपली कुणीच नाही?"

मैत्रिणींनो, मी बारा-बारा तास स्त्रीमुक्तीवर बोलणारी बाई. स्वतःच्या हाताने, घरात बसून, मी असा दरवाजा केला होता की ज्यातून नवऱ्याच्या नावाशिवाय बाईला आत येता येत नव्हतं. रजिस्टरात तो रकाना होता म्हणून मी उचलला. पण रजिस्टरात रकाना कोरा ठेवता येतो, प्रोग्रामने ती सोयही काढून घेतली होती. सहा महिने मी एकटीने त्याला घासूनपुसून लख्ख करत राहिले असते, तरी मला हे दिसलं नसतं. मला जोडाक्षरं दिसत होती, हा रकाना दिसत नव्हता. तो दिसायला दुसरीचे डोळे लागले.

त्यानंतर तो प्रोग्राम माझा राहिला नाही, आमचा झाला. ‘निकाल काय लागला’ या रकान्यात मी तीनच पर्याय ठेवले होते: समझोता, विभक्त, न्यायालयात. रजेवरून परतलेली कार्यकर्ती म्हणाली, "निम्म्या बायका या तिन्हीत बसत नाहीत. त्यांचं ठरायचं असतं." तेव्हा चौथा पर्याय आला: ‘तिचा विचार चालू आहे.’ आज सगळ्यात जास्त नोंदी त्याच पर्यायाखाली आहेत. आमच्या कामाबद्दल त्या एका रकान्याने आम्हाला बरंच शिकवलं.

आता दुसरी बाजू सांगते, कारण नुसतं "घाबरू नका, उडी मारा" असं म्हणून मी खाली बसले तर ते बेजबाबदारपणाचं होईल.

माझ्या यादीत आणखी एक गोष्ट होती आणि तिचा मला फार अभिमान होता. तारखेच्या आदल्या दिवशी बाईच्या मोबाईलवर आपोआप संदेश जाणार: उद्या तुमची तारीख आहे. तारीख चुकली त्या प्रसंगानंतर तर मला वाटलं, हे लगेच सुरू करावं. मी ते बैठकीत सांगितलं. आमच्या केंद्रात चहा-स्वच्छतेचं काम बघणाऱ्या मावशी, ज्या स्वतः एके काळी आमच्याकडे अर्ज घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "फोन कुणाच्या हातात असतो गं?"

बैठक गप्प झाली. घरात एकच फोन असतो, किंवा तिचा असला तरी नवरा रोज रात्री तपासतो. ‘उद्या तुमची तारीख आहे’ ही ओळ त्याने वाचली तर त्या रात्री काय होईल? तो संदेश आम्ही सुरू केला नाही, आजही केलेला नाही. कुठल्या बाईला कसं कळवायचं, कोणत्या वेळी, कुणाच्या फोनवर, हे तिला विचारून लिहितो आणि माणूसच फोन करतं.

यातून मी एक गोष्ट शिकले, आणि आजच्या बोलण्यातलं तेवढंच लक्षात ठेवलंत तरी चालेल. अपुरं असणं वेगळं आणि असुरक्षित असणं वेगळं. अपुरं लोकांसमोर ठेवायचं, लवकर ठेवायचं. असुरक्षित एक दिवससुद्धा ठेवायचं नाही. बटण वाकडं असलं तर आपली मान खाली जाते, तेवढंच. बाईचं नाव-गाव चुकीच्या हाती गेलं तर तिचा जीव जाऊ शकतो. पहिल्या बाबतीत थांबलो तर तो आपला अहंकार. दुसऱ्या बाबतीत थांबलो नाही तर तो गुन्हा.

म्हणून काही गोष्टी आम्ही पहिल्या दिवसापासून पक्क्या ठेवल्या. प्रोग्राम इंटरनेटला जोडलेला नाही, केंद्रातल्या एकाच संगणकावर चालतो. त्या संगणकाची पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली आहे, म्हणजे संगणक चोरीला गेला तरी पासवर्डशिवाय आतलं वाचता येत नाही. दर शुक्रवारी नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घेतो, तीही तशीच कुलूपबंद, आणि ती केंद्राबाहेर ताईंच्या कपाटात राहते. बाई म्हणाली, "माझं नाव काढून टाका," तर काढता आलं पाहिजे. आणि कोड कुणाला दाखवायचा असेल तर खुशाल दाखवायचा, पण त्याच्यासोबत खरी नोंद एकही द्यायची नाही. ही पाच कामं झाल्याशिवाय पहिली खरी नोंद आम्ही घातली नाही. त्यांना फार वेळ लागला नाही. आठवडा पुरला. सहा महिने लागले ते माझ्या बटणांना.

तुम्ही म्हणाल, हे तुमच्या छोट्या केंद्रापुरतं ठीक आहे, मोठी कामं अशी होतात का? होतात.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत लायनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१मध्ये जाहीर केलं की तो हौस म्हणून संगणकाची एक कार्यप्रणाली लिहितोय, ती फार मोठी वगैरे होणार नाही. पुढच्याच महिन्यात त्याने ती आहे तशी लोकांना देऊन टाकली. तिला ‘पहिली पूर्ण आवृत्ती’ म्हणण्याजोगं रूप यायला मार्च १९९४ उजाडला. मधली अडीच वर्षं लोक ती अपुरीच वापरत होते, चुका कळवत होते, दुरुस्त करून देत होते. तीच लिनक्स. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन तिच्या गाभ्यावर चालतो. ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझ्या भावाची भाकरी आठवली, खोटं कशाला बोलू.

पण बायकांनी हे केलंच नाही असं नाही. केनियात डिसेंबर २००७च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला. ओरी ओकोल्लोह या वकील कार्यकर्तीने कल्पना मांडली की लोकांना आपल्या भागात काय घडतंय ते नकाशावर नोंदवता आलं पाहिजे. काही प्रोग्रामर मदतीला आले आणि जानेवारी २००८मध्ये, थोड्याच दिवसांत, ते उभं राहिलं. नाव ठेवलं ‘उशाहिदी’, स्वाहिली भाषेत साक्ष. ते सर्वांगसुंदर होईपर्यंत थांबले असते तर साक्ष द्यायला कुणी उरलं नसतं. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तेच साधन तिथे वापरलं गेलं.

आणि ग्रेस हॉपर. संगणकाच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरपैकी एक. सप्टेंबर १९४७मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या संगणकावर त्या ज्या चमूत होत्या, त्याला बिघाड शोधताना यंत्रात अडकलेला एक पतंग सापडला. त्यांनी तो लपवला नाही. कामाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं की प्रत्यक्ष ‘बग’ सापडला. बिघाडाला ‘बग’ म्हणायची रीत आधीपासून होती, म्हणून तो विनोद. ती वही आज तिथल्या संग्रहालयात आहे. मला त्या वहीचं फार अप्रूप वाटतं. आपण चुका पदराआड झाकायला शिकलो, त्यांनी चूक तारीख घालून वहीत चिकटवली.

आम्हीही संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, साधी. प्रोग्राम अडला की ज्या बाईने अडलेला पाहिला तिने तिथे लिहायचं: काय करत होते, काय झालं. कुणी लाजायचं नाही, कुणी ‘मला येत नाही म्हणून असं झालं असेल’ म्हणायचं नाही. शनिवारी मी ती वही घेऊन बसते.

आणि आपल्या चळवळीचं तरी काय वेगळं आहे? १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या यंत्रणेत समाजकार्यकर्ती बसवून बघू, असा तो प्रयोग. ४९८-अ हे कलम आदल्याच वर्षी आलेलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यायला एकवीस वर्षं होती. सगळं जुळून येण्याची वाट बघितली असती तर आज राज्यभर जे कक्ष आहेत ते नसते. आणि आपली जुनी सायक्लोस्टाईल पत्रकं आठवा. शाई पसरलेली, ओळी तिरक्या, शुद्धलेखनाच्या चुका. ती हातोहात फिरली. कुणी म्हटलं नाही की आधी छान छापून आणा, मग बोला.

शिवाय ‘पूर्ण’ असं काही नसतंच. १ जुलै २०२४ला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरी सुरक्षा संहिता आली. पोटगीचं १२५ कलम १४४ झालं. दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, ४९८-अचं ८५ आणि ८६ झालं. जुन्या केसेस जुन्या कलमांखाली, नव्या नव्या. मला रकानेच बदलावे लागले. समजा २०२२ ते २०२४ मी घरात बसून तो प्रोग्राम अगदी परिपूर्ण केला असता, तर तो बाहेर काढायच्या दिवशीच जुना झाला असता!

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आताही कुणीतरी विचारेल. आपण कार्यकर्त्या, हे शिकायला वेळ कुठे आहे? पैसे देऊन करून घ्यावं. जरूर घ्या, ज्यांना परवडतं त्यांनी. पण नोंदीत काय विचारायचं, काय सक्तीचं, काय कोरं ठेवता येईल, हे तरी कुणी दुसऱ्याने ठरवू नये. मी बाई असून, या कामातली असून ‘पतीचे नाव’ सक्तीचं केलं. बाहेरचा माणूस काय करेल? थोडं तरी आपल्या हातात असलं की आपण भांडू शकतो, बदलू शकतो. आज तर साध्या भाषेत सांगितलं की कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. त्यांची मदत घ्या, फक्त त्यांना एकाही बाईची माहिती देऊ नका, आणि त्यांनी दिलेलं खोट्या नावांवर आधी तपासा.

घरी गेल्यावर काय कराल ते सांगते आणि थांबते. तुमच्या कामातली एकच दुखरी जागा निवडा. तारखा चुकतात, बचत गटाचे हिशेब जुळत नाहीत, शिबिराची उपस्थिती सापडत नाही, काहीही. प्रोग्राम जमत नसेल तर साध्या तक्त्यापासून, स्प्रेडशीटपासून सुरुवात करा. पंधरा दिवसांत जे होईल ते एका मैत्रिणीसमोर ठेवा, आणि तिला वापरू द्या. शेजारी बसून सांगत बसू नका, ती कुठे अडते ते बघा. शेजारी वही ठेवा. आणि त्याआधी सगळ्यांनी मिळून एक प्रश्न विचारा, मावशींनी विचारला तो: हे चुकीच्या हातात गेलं तर कुणाला मार बसेल? त्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबा. बाकी कशासाठीही थांबू नका.

त्या बाईचा पोटगीचा अर्ज २०२४मध्ये मंजूर झाला. आता ती त्याच तालुक्यात शिवणाचं काम करते, स्वतःचा फोन आहे. मध्यंतरी केंद्रात आली होती. मी तिला संगणकावर तिची नोंद दाखवली, सगळ्या तारखा एकाखाली एक. तिने बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं. पण ताई, माझ्या गावाचं नाव चुकलंय हो."

मी तिथेच तिच्यासमोर ते दुरुस्त केलं. जोडाक्षरं अजून तुटतात. बघू, होईल तेही.